वन्सं, डावीकडे!

३ फेब्रुवारी

वन्संनी आज माझ्याकडे काहीतरी मागितलं! लग्नाला आठ महिने झाले. त्यातले पाच महिने नवरा बोटीवर, म्हणजे पाच महिने या घरात फक्त मी आणि माझी मोठी नणंद. एवढ्या दिवसांत त्यांनी माझ्याकडे साधं मीठसुद्धा मागितलेलं नाही, उठून स्वतः घेतात. त्यामुळे सकाळी दारात बूट चढवता चढवता त्या म्हणाल्या, "गोलात उभी राहशील का?" तेव्हा मला वाटलं, माझेच कान वाजले.

वन्सं अकरा वर्षं लॅक्रॉस खेळतात. मी या खेळाचं नावही लग्नाआधी ऐकलं नव्हतं. एक लांब दांडी, तिच्या टोकाला जाळीची झोळी. त्या झोळीत चेंडू झेलायचा, पळवायचा, फेकायचा. संघात दहा जणी. तिघी पुढे गोल करायला, तिघी मध्ये धावून जीव काढायला, तिघी मागे अडवायला आणि एक गोलात. ती गोलातली बाई बदली होऊन दुसऱ्या गावी गेली. २३ मार्चला लीगचा पहिला सामना आहे आणि तोवर गोलकीपर मिळाली नाही, तर संघाचं नावच यादीतून जाणार. वन्सं चव्वेचाळीस वर्षांच्या आहेत. दुसरा संघ त्यांना या वयात कशाला घेईल?

मी म्हटलं, "हो, उभी राहीन की." त्या खाली वाकून लेस बांधत होत्या, बांधतच राहिल्या. हूं नाही की चूं नाही. मग उठल्या, माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि म्हणाल्या, "मग? काय ठरलं?" मी मान डोलावली, तेव्हा कुठे "बरं" म्हणाल्या. या बाईंना एकदा हो म्हटलेलं पुरत नाही.

आईला लगेच फोन केला. ती म्हणाली, "जावई येईपर्यंत इकडे ये म्हणून घसा कोरडा केला मी, आणि तू चेंडू अडवायला निघालीस?" मी तिला कबूल केलंय. २३ मार्चपर्यंत बघते. तोवर वन्संशी सूत जमलं तर इथेच राहीन. नाही जमलं तर बॅग भरून सरळ माहेरी. मुक्या भिंतींशी किती दिवस संसार करायचा?

६ फेब्रुवारी

डबा खाऊन झालाय, छापखान्यात बसून लिहितेय. इथे मी औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासते. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं असतात. कुठे काना राहिला, कुठे टिंब जास्त पडलं, माझ्या नजरेतून सुटत नाही.

काल पहिला सराव झाला. आमचे प्रशिक्षक म्हणजे काचवाले काका, खिडक्यांना काचा बसवायचं दुकान आहे त्यांचं. म्हणाले, "तुम्ही चेंडू सोडत जा, माझा धंदा वाढेल." मग मला सामान चढवलं. डोक्यावर पिंजऱ्यासारखं शिरस्त्राण, त्याच्याखाली लोंबणारी गळ्याची पट्टी, छातीला जाड कवच, जाड हातमोजे, मांड्यांना आणि नडग्यांना पॅड, दातांत रबरी कवळी. एवढं सगळं घालून मी पाणी प्यायला गेले आणि पाणी कुठून आत घालायचं तेच कळेना. बेकरीवाली (ही मागच्या फळीत खेळते, पहाटे पाव भाजते आणि संध्याकाळी माणसं अडवते) माझ्याकडे बघून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. सगळ्या मला वहिनी म्हणायला लागल्यात. वन्संची वहिनी ती जगाची वहिनी.

घरी आले तर बादलीत गरम पाणी तयार होतं आणि खुर्चीवर मलमाची ट्यूब. वन्सं काही बोलल्या नाहीत. मी "वन्सं, कशाला त्रास घेतलात" म्हटलं, त्यावरही नाही. पण पाण्यात पाय घातले तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले.

१२ फेब्रुवारी

चेंडू टणक रबराचा आहे आणि माझ्या अंगावर तो कुठे कुठे लागला, ते वहीतही लिहिण्यासारखं नाही.

काका म्हणतात, चेंडूला भ्यायचं नाही, चेंडूकडे एक पाऊल टाकायचं. आधी हात, मग पाय, मग सगळं अंग त्याच्या मागे. मी आधी डोळे मिटते. "वहिनी, डोळे मिटून काच बसवली तर माझी बोटं जातील," ते म्हणाले. मग त्यांनी मला बाकीच्यांबरोबर झोळी हलवायलाही शिकवलं. चेंडू झोळीत असला की मनगटाने तो सारखा जोजवायचा, म्हणजे पळताना पडत नाही. जोजवणं मला पहिल्या दिवशीच जमलं. बेकरीवाली म्हणाली, "सराव करून ठेव गं, उपयोगी पडेल." मी लाजले, पण पिंजऱ्यात कुणाला दिसतंय!

वन्संनी माझ्या दांडीला नवी पकडपट्टी गुंडाळून दिली. पट्टीची एकही घडी वर आलेली नाही. ज्या माणसाला आपण आवडत नाही, त्याच्या दांडीला कुणी इतकी निगुतीने पट्टी बांधतं का? काही कळत नाही बाई.

१९ फेब्रुवारी

आजचा दिवस वहीतून फाडून टाकावासा वाटतोय.

या खेळात गोलाच्या मागेही मैदान असतं. चेंडू मागे गेला की आपल्या अडवणाऱ्या तिघींना तो दिसत नाही, त्यांनी आपापली माणसं धरलेली असतात. तेव्हा गोलकीपरने ओरडून सांगायचं, चेंडू कुठे आहे, कोण कुठून घुसतंय. काका म्हणाले, "वहिनी, तुमचे हात नंतर. आधी तुमचं तोंड."

आता तोंडाचं म्हणाल तर माहेरी मला भोंगा म्हणायचे. मी हाक मारली की शेजारच्यांची पोरंही अभ्यासाला बसायची. पण लग्नात आईने कानात सांगितलं होतं, "तिथे हळू बोल गं बाई." म्हणून या घरात आल्यापासून मी आवाज निम्म्यावर आणलाय. मैदानावरही समोर वन्सं उभ्या. त्यांना काय ओरडायचं? मी म्हटलं, "वन्सं, जरा डावीकडे बघता का..." 'बघता का' होईपर्यंत चेंडू जाळ्यात.

पुढच्या वेळी नुसतंच "वन्सं!" केलं, तोवर दुसरा गोल. बाहेर बसलेल्या एका आजोबांनी टाळ्या वाजवत विचारलं, "स्वतःवर गोल झाला तरी वन्स मोअर मागते, कोण हो ही?" सगळा संघ पोट धरून हसला. तेव्हापासून पोरीसुद्धा त्यांना 'वन्सं' म्हणून हाका मारायला लागल्यात. त्यांना वाटतं ते टोपणनावच आहे.

काकांनी बाजूला घेऊन सांगितलं, "मैदानात अहो-जाहो नाही. 'तू' म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका, नुसती बाजू सांगा." सांगायला काय जातंय त्यांचं! मोठ्या नणंदेला अरे-तुरे करायचं, आणि मग त्याच घरात तिच्यासमोर बसून जेवायचं?

२७ फेब्रुवारी

एक नवलाची गोष्ट. सरावाहून पायी येताना वन्सं मला नेहमी आपल्या उजव्या हाताला घेतात. मी चुकून डावीकडे गेले, की कोपराला धरून मला पलीकडे नेतात. मला वाटायचं, गाड्यांपासून सांभाळतात. पण आज बघितलं तर गाड्या उजवीकडूनच जात होत्या! असेल त्यांची काहीतरी सवय. मैदानातही त्या मागच्या फळीत कायम डाव्या टोकालाच असतात, सगळ्या जणी त्यांच्या उजवीकडे. काकांनी जागा बदलायचं नाव काढलं की कपाळाला आठ्या.

जेवताना मी त्यांना छापखान्यातली गंमत सांगितली. खोकल्याच्या औषधावर 'दिवसातून तीनदा हलवून प्यावे'च्या जागी 'हसवून प्यावे' छापलं होतं. त्या ताटात बघून जेवत राहिल्या. माझा विनोद आमटीत बुडून मेला. मग त्यांनी न मागता माझ्या ताटात भात वाढला, दही वाढलं आणि निखळलेली झोळीची दोरी शिवायला घेऊन बसल्या. झोळी माझीच होती.

९ मार्च

आज सहा चेंडू अडवले!! डोळे उघडे ठेवून! एक तर कानाजवळून जाताना असा टिपला की काकांनी शिट्टीच मारली. मी आनंदाने उडी मारली, पॅडमध्ये पाय अडकून आडवी झाले, तरी चेंडू झोळीतच होता.

देवा, काय सांगू, छत्तिसाव्या वर्षी माणसाला नवीन काही येऊ शकतं! बेकरीवालीने गरम पावाची पिशवी हातात दिली. काकांनी माझ्या शिरस्त्राणाचा पट्टा स्वतः बदलून दिला. या परक्या गावात दोन महिन्यांपूर्वी मला हाक मारणारं कुणी नव्हतं. आज रस्त्यात तिघींनी "वहिनी" म्हणून हात केला. हे सगळं वन्संमुळे. त्यांनी दारात उभं राहून ते एक वाक्य विचारलं नसतं, तर मी खिडकीत बसून नवऱ्याच्या फोनची वाट बघत असते. त्यांचे आभार कसे मानायचे? मानले तर ऐकूनच घेत नाहीत.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ताई तशीच आहे गं. दोनेक वर्षं झाली, कमी बोलते. मनाला लावून घेऊ नकोस."

२३ मार्च

सामना झाला. आत्ताच लिहून टाकते.

समोरच्या संघातली एक उंच वेणीवाली सारखी आमच्या उजव्या बाजूने घुसत होती. काकांनी वन्संना डावीकडून उजवीकडे नेलं. वन्सं "नको" म्हणाल्या, काका "आज ऐका माझं" म्हणाले. आणि तिथून आमचं बिनसलं. मी ओरडत होते, "वन्सं, डावीकडे! वन्सं, मध्ये या!" पण वन्सं ढिम्म. वेणीवालीची जोडीदारीण मधून, वन्संच्या डाव्या खांद्यामागून शिरायची आणि गोल करून जायची. असे तीन झाले. मला रडू फुटायचं बाकी होतं. वाटलं, मुद्दाम ऐकत नाहीत. घरात ऐकत नाहीत ते नाहीत, इथेही?

शेवटची चार मिनिटं उरली होती. चेंडू माझ्या गोलाच्या मागे वेणीवालीच्या झोळीत होता, आणि ती जोडीदारीण पुन्हा त्याच वाटेने निघाली. माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. साडेनऊ महिने दाबून ठेवलेला भोंगा सुटला. "मागे बघ गं! तुझ्या मागे! डावीकडे फिर, बये!"

सगळं मैदान थबकलं. वन्सं गर्रकन फिरल्या, दांडी वर, आणि येणारा चेंडू दांडीवर आदळून खाली पडला. मी गोलाभोवतीच्या वर्तुळातून बाहेर झेपावले, चेंडू झोळीत उचलला आणि ओरडले, "पळ!" त्या पळाल्या. मी फेकलेला चेंडू त्यांनी पळता पळता असा झेलला, की जसा काही माझ्या हातातून त्यांच्या हातातच गेला. गोल झाला.

हरलो म्हणा शेवटी, सात-आठ. पण पूर्ण संघ उतरला, म्हणून नाव यादीत राहिलं.

घरी यायला निघालो. भर मैदानात मोठ्या नणंदेला 'बये' म्हटलं होतं मी! त्यांच्या दोन्ही हातांत सामान होतं, मी त्यांच्या डावीकडून चालत होते. सगळा धीर गोळा करून हळू आवाजात रस्ताभर माफी मागितली. माझं चुकलं, तोंडातून गेलं, माझ्या आईने असं शिकवलेलं नाही, तुम्ही मला किती सांभाळलंत, मला राग आला होता कारण मला तुमच्याशी बोलावंसं वाटतं आणि तुम्ही बोलत नाही. सगळं सगळं बोलले. आयुष्यात इतकं खरं कुणाशी बोलले नव्हते.

त्या समोर बघत चालत होत्या. कोपऱ्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "घरात दूध आहे का गं?"

मला जे समजायचं ते समजलं.

२५ मार्च

सकाळी बॅग काढली. दुपारच्या गाडीने निघायचं ठरवलं होतं, आईला तसं कळवलंही. काकांना चिठ्ठी लिहिली, की दुसरी गोलकीपर मिळेपर्यंत सामन्याच्या दिवशी येऊन जाईन, संघ बुडवणार नाही.

कपडे घड्या घालून पलंगावर ठेवत होते, तेवढ्यात वन्सं माझे धुऊन वाळवलेले पॅड घेऊन खोलीत आल्या. "ही बॅग कसली?"

"माहेरी जातेय," मी म्हटलं, नेहमीच्या घरातल्या आवाजात.

"काय?"

झालं! माझं डोकंच फिरलं. आता जायचंच आहे तर घाबरायचं कुणाला? मी भोंगाच लावला. "माहेरी जातेय! परवा रस्ताभर तुमची माफी मागितली, काळीज काढून ठेवलं समोर, आणि तुम्ही दुधाचं विचारता! एवढा राग आहे तर दोन शिव्या द्या, पण असं तोंड शिवून बसू नका!"

वन्संनी पॅड खाली ठेवले. "माफी? कधी मागितलीस?"

"परवा! सामन्याहून येताना!"

त्यांनी विचारलं, "कोणत्या बाजूला होतीस?"

मला प्रश्नच कळेना. "डाव्या."

त्या मटकन पलंगावर बसल्या, माझ्या घड्या घातलेल्या कपड्यांवरच. म्हणाल्या, "डावा कान गेलाय माझा. दोन वर्षं झाली. उजव्यालाही आता हळू बोललेलं पोचत नाही."

मीठ, लेस, विनोद, उजवा हात, डावं टोक, सगळं एकापाठोपाठ एक डोळ्यांसमोरून गेलं. एक टिंब जास्त पडलं तर पकडणारी मी, आणि साडेनऊ महिने एका घरात राहून मला हे दिसलं नाही! स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली.

"सांगितलं का नाहीत?" मी विचारलं, मोठ्याने.

"संघातून काढतील म्हणून. आणि तुझ्या नवऱ्याला कळलं असतं तर तो बोट सोडून आला असता, ओळखते मी त्याला." मग खाली बघून म्हणाल्या, "आणि तुझं म्हणशील, तर तू सारखी तोंडातल्या तोंडात पुटपुटायचीस. मला वाटायचं, हिला माझ्याशी बोलायचंच नाही. नवरा नाही घरात, ही बाई गळ्यात पडलीय, म्हणून कुरकुरतेय. दर वेळी 'काय? काय?' विचारायची मला लाज वाटायची."

"अहो, मी तुमचा मान ठेवून हळू बोलत होते!"

"मान!" वन्सं म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "अगं, आईशी फोनवर बोलतेस ना, ते मला दार लावून माझ्या खोलीत ऐकू येतं. शब्द नाही कळत, पण आवाज खणखणीत. म्हणून तर तुला गोलात घातली. म्हटलं, हा आवाज आपल्या मागे पाहिजे. आणि तू मैदानात येऊनही पुटपुटायला लागलीस! परवा या साडेनऊ महिन्यांत पहिल्यांदा तुझं अख्खं वाक्य ऐकलं मी."

"त्यात 'बये' होतं," मी म्हटलं.

"होतं. फार बरं वाटलं." त्यांनी माझा हात धरला. "मला सोडून जाऊ नकोस गं. पण जायचंच असेल, तर परवा काय काय बोललीस, ते सगळं एकदा मोठ्याने सांगून जा."

मग मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं. शेजारणीने खिडकी उघडून बघितलं, बघू दे. गाडी दुपारीच निघून गेली. आईला फोन केला तर ती म्हणाली, "फोन कशाला करतेस, तुझं इथपर्यंत ऐकू आलं."

३० मार्च

वन्संनी आज सरावाच्या आधी सगळ्यांना स्वतः सांगितलं. मी त्यांच्या मागे उभी होते आणि मनातल्या मनात देवाला म्हणत होते, कुणी काही वेडंवाकडं बोलू नये.

काका म्हणाले, "आणि मी तुम्हाला उजवीकडे ढकललं. माझं चुकलं, बाई." वन्सं पुन्हा डाव्या टोकाला गेल्या. बेकरीवाली पलीकडून ओरडली, "वन्सं, आमचं ऐकू येतंय का?" वन्सं म्हणाल्या, "तुझं दोन वर्षं ऐकू आलं नाही, तेच बरं होतं!" अशा बोलतात या! मला काय माहीत!

२ एप्रिल

आज त्यांचे कान तपासायला गेलो. छापखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. लांबट पांढरी खोली, भिंतीला लागून बाकं, टेबलाशी एक बाई अर्ज भरून घेत होती. तिने मान वर न करता विचारलं, "सोबत कोण आलंय? नातं सांगा."

मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात वन्संच बोलल्या, "ही माझ्या पाठीशी असते."

"ते झालं हो, पण नातं काय लिहू?"

"तेच लिहा ना," वन्सं म्हणाल्या. "पाठीशी असते."

त्या बाईने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि लिहिलं.

मग वन्संना आतल्या काचेच्या खोलीत नेलं. कानांवर मोठाले हेडफोनसारखे गोळे चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. भिंतीकडे तोंड करून बसायचं असतं, तशा त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या. आता इथून ओरडून काही उपयोग नव्हता. बसायला बाकं रिकामी होती, तरी तपासणी संपेपर्यंत मी काचेशी उभीच राहिले.